पहिले चार थेंब

रिसॉर्टच्या बारमध्ये चकचकीत बाटलीत मोहाची दारू मांडलेली पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. शेजारच्या पाड्यावर जानकीमावशीनं देवकार्यासाठी गाळलेली हीच दारू पोलिसांनी ओतून दिली होती, मडकी फोडली होती. घरी गाळली की गुन्हा, लेबल लावलं की वारसा!

मावशी पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सोडते. "आधी वाडवडलांना, मंग आपल्याला," म्हणते.

मी ग्लास मागवला आणि तिच्यासारखेच चार थेंब खाली सोडले. वेटर फडकं घेऊन धावला.

"सॉरी सर, लगेच पुसतो."

"अरे, हात लावू नकोस!" मी ओरडलो.

तोवर त्यानं पुसलंसुद्धा. फरशी लख्ख झाली. मावशीचे वाडवडील इथेही तहानलेलेच राहिले.