वेलदोड्याची डबी

मसाल्याच्या कारखान्यात वास तपासायचं माझं काम. आज वेलदोड्याचं पाकीट फोडलं आणि एकदम वाशीच्या शाळेतला, ऐंशी-एक्याऐंशीचा आमचा सातवीचा वर्ग आठवला.

विज्ञानाच्या बाईंनी त्या दिवशी पुस्तकं मिटायला लावली. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि डबी हुंगून आत काय आहे ते सांगायचं. कापूर, हिंग, कॉफी... नव्या इमारतींतली मुलं पटापट ओळखत होती. मी खाडीकाठच्या गावातली. दप्तराला सुक्या मासळीचा वास येतो म्हणून माझ्या बाकावर कुणी बसत नसे. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी पिशवीतून वेगळी डबी काढली.

“बाई, सुका जवला हाय,” मी हळूच म्हणाले. “पन डबीन आदी वेलची व्हती.”

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत.

“दोन्ही बरोबर. अगं, अत्तरवाले, मसालेवाले असल्या नाकाला पगार देतात. लक्षात ठेव.”

तेव्हा मी तेवढंच लक्षात ठेवलं. डबीचा विचार आज, पाकीट हातात धरून, पहिल्यांदा केला. बाई कट्टर शाकाहारी. सहलीत आमचे डबे उघडले की नाकाला पदर लावून लांब जाऊन बसायच्या. त्यांनी बाजारात जाऊन जवळा घेतला, घरी आणला आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातली वेलदोड्याची डबी त्यासाठी रिकामी केली.

ती डबी पुन्हा त्यांच्या फळीवर गेली नसणार.