गोलच्या जाळीमागं

सुमात्रा बेटावरच्या एका क्लबाचा नऊ नंबरचा सेंटर फॉरवर्ड आमच्या बुऱ्हाणपुरात जेवढा प्रसिद्ध होता, तेवढा तो त्याच्या सासुरवाडीतही नसेल. राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत म्हातारे एकमेकांच्या गुडघ्यांआधी त्याच्या गुडघ्याची चौकशी करायचे. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं त्याच्यासारखे केस कापून द्यायला सुरुवात केली आणि तसे केस कापून घेतलेल्या दोघांची ठरलेली लग्नं मोडली. मी केळीच्या आडतीत आयुष्य घातलेला माणूस आहे. आमच्या धंद्यात कच्च्या घडाला पिकायला आलेला म्हणावंच लागतं. पण या गोष्टीत मी फार तर दोन-चार फण्या वाढवून सांगतोय. घड खराच आहे.

हे वेड घरात आणलं माझ्या थोरल्या भावानं. त्याला आम्ही दादा म्हणायचो, पुढे सगळी गल्लीच म्हणायला लागली. दादा पेपर मिलमध्ये नोकरीला होता आणि मिलच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड होता. त्यानं मारलेला एक चेंडू अजून खाली आलेला नाही, असं मी पोरांना सांगायचो. दादा शेजारीच बसलेला असायचा. तो म्हणायचा, "आला होता. आउट गेला." असा माणूस. मी दिवसाला शंभर थापा मारणार, तो वर्षाला शंभर वाक्यं बोलणार, आणि त्यातलं एकही परत घेणार नाही.

त्याचा मुलगा एकुलता एक. कागदाचंच शिकला आणि सुमात्रातल्या एका कागद कारखान्यात लागला. तो निघाला तेव्हा दादानं स्टेशनावर मावा जिलेबी वाटली, तिकीट तपासनीसालासुद्धा सोडलं नाही. दोन वर्षांनी पोरगा परत आला तो एक फोटो घेऊन. तिकडच्याच मुलीशी लग्न केलं होतं. आधी लग्न, मग बातमी. त्या दिवशी घरात नेमके पाहुणे होते, सगळे चहाचे कप हातात घेऊन बसलेले. दादानं फोटो पाहिला, परत त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडलेलं माणसं विसरतात. हा हळू बोलला, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. पुतण्या उंबऱ्याला हात लावून संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. त्यानंतर तो वहिनीला फोन करायचा तो माझ्या फोनवर, दादा बाहेर गेलेला असताना. घरात त्याचं नाव निघायचं नाही. माझी हजार वाक्यं कोणी धरून ठेवली नाहीत आणि दादाचं ते एक वाक्य सगळ्यांनी धरून ठेवलं, सगळ्यात जास्त त्यानं स्वतः.

मग एक दिवस दादा मला म्हणाला, "तिकडे फुटबॉल खेळतात का रे?"

"तिकडे म्हणजे कुठे?"

"तिकडेच."

मी फोनवर शोधून काढलं. पुतण्याच्या गावचाच क्लब होता. त्यांच्याकडे दिवे लागून गेलेले असायचे तेव्हा आमच्याकडे चहाची वेळ असायची. फोन फडताळात तांब्याला टेकवला आणि आम्ही दोघं भाऊ समोर बसलो. कॉमेंट्री तिकडच्या भाषेत. दादाला कळेना, म्हणून मी भाषांतर सुरू केलं. मला त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं, पण एवढ्यावर गप्प बसणारा मी नाही. "आता तो सांगतोय, ह्या गोलकीपरची आई आजारी आहे. आता सांगतोय, रेफरीनं नवा चष्मा घेतला पण घरी विसरला." हळूहळू गल्ली जमायला लागली. समोरचा पावरलूमवाला तर माग बंद करून यायचा.

त्या पहिल्या दिवशी एक पोरसवदा नऊ नंबर शेवटी-शेवटी मैदानात उतरला. रेड्यासारखा आडवा. आल्या-आल्या त्यानं डोक्यानं गोल मारला आणि बाकीचे खेळाडू कोचकडे धावले तर हा उलटा सुटला, गोलच्या जाळीमागच्या कठड्याकडे. कॅमेरा त्याच्यामागं. कठड्यामागं स्वस्त तिकिटाची माणसं उड्या मारत होती. दादानं फोन उचलून इतका जवळ नेला की चष्मा काचेवर वाजला.

"वाळलाय," दादा म्हणाला.

"कोण? हा? अरे दादा, याला दारातून आत घ्यायचं तर चौकट काढावी लागेल."

दादानं फोन परत तांब्याला टेकवला.

मला वाटलं, जुन्या सेंटर फॉरवर्डला नवा आवडला. त्या हंगामात नऊ नंबर सुटलाच. त्याच्या एका फटक्यानं गोलकीपरच्या बोटातली अंगठी वितळली, असं कॉमेंटेटर म्हणाल्याचं मी गल्लीला सांगितलं. प्रत्येक गोलनंतर तो कठड्याकडे धावायचा आणि प्रत्येक वेळी दादाचा चष्मा वाजायचा. दादाला भूक लागायला लागली. तापीवर फिरायला जायला लागला. वहिनी म्हणाली, "हा बाप्या गोल मारतो आणि भाकरी मला जास्त थापाव्या लागतात."

मग पुतण्याचा फोन आला. बोलता-बोलता म्हणाला, "काका, त्या दिवशी आम्ही टीव्हीवर दिसलो म्हणे. त्या नऊ नंबरची आणि हिची गल्ली एकच. सगळी गल्ली जाळीमागं बसते, आम्हीही तिथेच असतो."

मी आडतीत उभा होतो, समोर केळीची गाडी खाली होत होती. हमाल विचारत होता घड कुठे ठेवू, आणि माझ्या कानात दादाचं 'वाळलाय' वाजत होतं.

मी पुतण्याला सांगितलं, दादा तुला बघतो. तो मग म्हणाला, "त्यांनी तोंड दाखवू नको म्हटलंय. मी कुठे दाखवतो? कॅमेरा दाखवतो." आणि त्यानंतर तो दर मॅचला लवकर जाऊन कठड्याजवळच्या खांबाला टेकून बसायला लागला. एकच जागा. नऊ नंबरनं गोल मारायचा अवकाश, बापलेकांची भेट व्हायची. दोघांनी एकमेकांना कधी कळू दिलं नाही की आपल्याला माहीत आहे. मी मधे बसून भाषांतर करत होतो.

नंतर नऊ नंबरचं नाव झालं. देशाच्या टीममध्ये बोलावणं आलं, तिथे तो बाकावर बसून आला. मग दुसऱ्या बेटावरच्या मोठ्या क्लबानं त्याला नेलं. गल्ली खूश. पोरांनी नव्या क्लबाची मॅच लावली, त्यानं गोल मारला, धावला, पण तो कठडाच वेगळा. दादा म्हणाला, "बंद कर. आपला क्लब लाव."

पावरलूमवाल्याला सहन होईना. "दादा, अपना आदमी तिकडे गोल मारून ऱ्हायला, आणि आपण इकडे हे शून्य-शून्य कायको पाहून ऱ्हायलो?"

"तुला पाहायचं तर तुझ्या घरी पाहा ना."

जुन्या क्लबात नवा फॉरवर्ड आला होता. बरा होता. पण गोल मारला की तो मैदानाच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन कोलांट्या मारायचा आणि कॅमेरा त्याच्यामागं जायचा. दादासारख्या माणसाच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा शिवी ऐकली. "सर्कशीतला आहे का हा?" तो म्हणाला, आणि त्या आधीचा शब्द मी इथे लिहीत नाही. दोन हंगाम असे गेले. दादाचा सदरा अंगावर मोठा दिसायला लागला. छातीचं दुखणं सुरू झालं. त्याच काळात पुतण्याला मुलगा झाला. वहिनीनं मला देवासमोर शपथ घातली, नाव काढायचं नाही, ते विचारतील तेव्हाच सांगायचं. दादा विचारणार नव्हता.

नऊ नंबर परत आला तेव्हा त्याच्या गुडघ्याला पट्टा होता. मोठ्या क्लबानं त्याला वापरून घेतला होता. तरी पहिल्याच आठवड्यात कुठून तरी त्यानं पाय घातला, चेंडू आत गेला, आणि तो लंगडत-लंगडत निघाला, कठड्याकडेच. कॅमेरा त्याच्यामागं. खांबाजवळ पुतण्या उभा होता आणि त्याच्या खांद्यावर एक पोर, दोन्ही मुठींत बापाचे केस धरून.

गल्ली ओरडत होती. दादा फोन नाकाला लावून बसला होता. चित्र कधीच पुढे गेलं होतं, तरी फोन खाली ठेवेना.

"कान उघडे ठेवलेत पोराचे," तो म्हणाला. "वारा लागतो."

"दादा, सुमात्रात? तिथे अंगातला घाम उकळतो."

"कुठे का असेना. पोराचे कान ते कान."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं लोकर आणली. मी ती कानटोपी कुरिअरनं पाठवली तेव्हा काउंटरवरच्या मुलानं पत्ता दोनदा वाचला. "अंकल, तिथे तर बारा महिने गरमी असते."

"लिहून घे," मी म्हटलं.

पुढच्या गोलला, घामानं निथळणाऱ्या त्या हजारो उघड्याबोडक्या माणसांत, एक पोर लोकरीची निळी कानटोपी घालून बसलं होतं. दादा हसला. बऱ्याच वर्षांनी त्याचे दात दिसले. मी संधी साधली. "लावू फोन?"

"मी बोललोय ते बोललोय."

"अरे, मी रोज बोलतो आणि रोज फिरवतो. मला काय झालं?"

"तुझं वेगळं," दादा म्हणाला. "तुझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही."

हे त्यानं इतक्या प्रेमानं सांगितलं की मला रागावताही आलं नाही.

तो निळ्या टोपीचा गोल शेवटचा ठरला. गुडघा गेला. नऊ नंबर बाकावर बसायला लागला, मग बाकावरही दिसेना. दादा तरी प्रत्येक मॅच पाहायचा. कॅमेरा कठड्याकडे फिरकायचाही नाही. शेवटी पुतण्यानं कळवलं, नऊ नंबर खेळ सोडतोय, घरच्या मैदानावर शेवटची मॅच आहे, थोडा वेळ उतरवणार आहेत, आम्ही खांबापाशी आहोत.

त्या दिवशी दादानं आंघोळ करून पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला. मुलगी पाहायला निघाल्यासारखा. गल्ली भरली होती. अगदी शेवटी नऊ नंबर उतरला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि देवाची काय इच्छा, त्यांना पेनल्टी मिळाली. सगळ्यांनी चेंडू त्याच्या हातात दिला. गोल तोच, ज्याच्या जाळीमागं आमची माणसं. दादानं फोन आधीच हातात घेतला होता.

नऊ नंबर धावला. चेंडू गोलच्या खांबावर आदळून बाहेर गेला.

कॉमेंटेटर काहीतरी म्हणाला. गल्ली माझ्याकडे बघायला लागली, आता हा काहीतरी सांगेल म्हणून. मी तोंड उघडलं. मला अंगठी वितळवता आली असती, रेफरीचा चष्मा काढता आला असता. काहीच आलं नाही. पडद्यावर नऊ नंबर गवतावर बसला होता, बाकीचे त्याला उठवत होते. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरच राहिला. मागं जाळी होती आणि जाळीच्या मागं सगळं धूसर. दादा त्या धुसरात शोधत राहिला. मग शिट्टी झाली आणि जाहिरात लागली.

"मेहनती होता पोरगा," दादा म्हणाला.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "आता तो गेला. आता फोनच करावा लागेल."

दादा खिडकीबाहेर बघत होता. "बघू," म्हणाला.

तुम्हाला हा साधा शब्द वाटेल. दादा आयुष्यात हो म्हणायचा किंवा नाही म्हणायचा. 'बघू' मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी पुतण्याला फोन करून सांगितलं, तिकीट काढायला हरकत नाही. तो म्हणाला, हिवाळ्यात सुट्टी मिळते, तिघंही येतो.

दादा त्या आधीच गेला. दुपारी जेवून खुर्चीत बसला होता, वहिनी चहा घेऊन गेली तर मान कललेली.

पुतण्याला पोचायला दोन विमानं आणि वर रेल्वे. तेवढं थांबणं शक्य नव्हतं, सूर्य मावळायच्या आत तापीच्या राजघाटावर न्यायचं ठरलं. अग्नी मी द्यायचा. तिरडी बांधून झाली तेव्हा पावरलूमवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, पोराला तोंड तर दाखवा."

मी तोच फोन काढून पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. वहिनीनं दादाच्या चेहऱ्यावरचं वस्त्र बाजूला केलं. मी फोन दादाजवळ नेला, आणखी जवळ नेला, दादा न्यायचा तितका. पलीकडे पुतण्या होता, मांडीवर पोर. तो बघत राहिला. पावरलूमवाल्यानं माझं कोपर धरलं.

मग ते पोर पडद्याकडे बोट करून तिकडच्या भाषेत काहीतरी बोललं. बापाला विचारत होतं. बापानं त्याला नुसतं जवळ ओढलं.

"काय म्हणतंय रे?" वहिनीनं मला विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या घरात त्या भाषेचं भाषांतर इतकी वर्षं मीच करत आलो होतो.

"विचारतंय," मी म्हटलं, "आजोबा झोपले का."

वहिनी फोनवर वाकली. "हो रे राजा, झोपलेत," ती म्हणाली. "तू कान झाकत जा. आजोबा रागावतात."

पोराला काय कळणार होतं. पण पलीकडे पुतण्यानं, त्या सुमात्राच्या उकाड्यात, दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकले.