भुवयांपर्यंत आलेली नात

आमच्या हिच्या मामांइतका काटेकोर माणूस अख्ख्या बंगळुरात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर दोघांनी एकमेकांना वेड लावलं असतं. होसकोट्याच्या एका कारखान्यात कुठलं काम किती वेळात व्हायला हवं, हे ठरवणं ही त्यांची नोकरी. लेथवरच्या कामगारांमागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहण्यात हयात गेली. कोणी पाणी प्यायला गेला, तर तीही मिनिटं ते कापत. निवृत्तीनंतर स्टॉपवॉच गळ्यातच राहिलं. मामींच्या कुकरची शिट्टी उशिरा झाली, तर किती सेकंद उशिरा, हे हॉलमधून कळायचं.

अशा माणसाने नव्व्याण्णव साली इंटरनेट घेतलं, शंभर तासांचं. अमेरिकेत लेक बाळंत झाली होती आणि नातीचा फोटो यायचा होता. मोडेम किंचाळला की मामा स्टॉपवॉचचं बटण दाबत. आठवड्याभरात त्यांनी चोरी पकडली. लाइन तेरा सेकंदांत तुटली, तरी कंपनी पाच मिनिटं धरत होती! लाइन यांची तुटणार आणि तास आमचे जाणार, ही कुठली रीत? माझंही डोकं फिरलं. त्यात फोटो आला तो वरून खाली, रेघेरेघेने. टोपडं आलं, कपाळ आलं, भुवया आल्या, आणि तास संपले.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन मामा कंपनीच्या ऑफिसात धडकले. सगळ्या तुटलेल्या लाइनींची वही त्यांनी काउंटरवर आपटली. "भुवयांपर्यंत नात दिलीत. उरलेली कुठे आहे?"

"स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर, थोडं सांभाळून घ्या," काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला. "घड्याळ मोजतं, मी नाही मोजत."

मामा आणखी भडकणार म्हणून मी सावरून उभा राहिलो. पण त्यांनी वही उचलली, नवे तास घेतले. रिक्षात म्हणाले, "जावईबापू, 'घड्याळ मोजतं, मी नाही', हे वाक्य माझं आहे हो. लेथवरच्या प्रत्येकाला मी हेच ऐकवलंय."

घरी मामांनी सवयीने बटण दाबलं. फोटो पुन्हा टोपड्यापासून सुरू झाला. या वेळी डोळे आले, मामींचं नाक आलं, हनुवटी आली. मामी डोळे पुसत होत्या.

"किती वेळ लागला, मामा?" मी विचारलं.

ते फोटोकडेच बघत राहिले. गळ्यातलं घड्याळ थांबवायचं त्यांच्याकडून त्या दिवशी पहिल्यांदाच राहून गेलं.