मूळ दाखला एकच होता

बारावीनंतर माझ्या मुलीजवळ शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच होता, आणि तो माझ्या मोठ्या दिरांनी मीरा रोडच्या एका डिग्री कॉलेजात जमा करून टाकला. तिच्या भल्यासाठीच केलं. सकाळपासून रांगेत उभे राहिले, बी.कॉम.चा फॉर्म भरला, पालकाच्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि संध्याकाळी पेढे घेऊन आमच्या खोलीवर आले. मुलगी पेढा हातात धरून बसली, खाल्ला नाही. मी चहा ठेवला. त्या वेळी मला वाटलं, दाखलाच तर आहे, झेरॉक्स आहेत घरात.

भावजी आमच्या घरातले पहिले पदवीधर. दिवसा हमाली करून संध्याकाळच्या कॉलेजात बी.ए. झाले, मग सरकारी खात्यात कारकून लागले, आता निवृत्त आहेत. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मालकांना, मराठवाड्यातून इकडे त्यांनीच आणलं. वॉचमनची नोकरी त्यांनीच लावून दिली. त्यांच्या घरी दारासमोरच पदवीचा काळा झगा घातलेला त्यांचा फोटो आहे. गावाकडून कोणी आलं की आधी फोटो दाखवतात, मग पाणी विचारतात. विहारात पोरांचे सत्कार असले की भाषण त्यांचंच. त्यामुळे आमच्या घरात शिक्षणाचं काही निघालं की मालक म्हणतात, ‘दादा म्हणेल तसं.’

माझ्या सासरी मोठ्या दिराशी समोरासमोर बोलत नाहीत. मी वीस वर्षांत बोलले नाही. आमची खोली दहा पावलांची. भावजी रविवारी येऊन कॉटवर बसतात, मी ओट्याशी डोक्यावर पदर घेऊन उभी राहते, आणि बोलणं मुलीमार्फत चालतं.

‘आईला सांग, साखर कमी घाल.’

‘मोठ्या पप्पांना सांग, घातलीच नाही.’

एकदा मुलगी वैतागून म्हणाली, ‘मी काय राउटर आहे का तुमच्या मधे?’ भावजी खूप हसले. मला राउटर म्हणजे काय ते माहीत होतं, कारण मी स्टेशनजवळच्या वकिलांच्या ऑफिसात झाडलोट आणि चहापाणी करते, आणि तिथे रोज सकाळी तो पुसते.

त्याच ऑफिसातून आमच्या घरी कॉम्प्युटर आला. दिवसभर तिथे घरभाड्याचे करार टाइप होत असतात. मुलीची बारावीची परीक्षा झाली त्या सुमारास त्यांनी दोन जुने कॉम्प्युटर काढले. चालत होते चांगले, पण नवीन विंडोज त्यांच्यावर चढत नाही म्हणाले. वकीलसाहेब म्हणाले, ‘मावशी, मुलगी आहे ना तुम्हाला? एक घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल.’ आतली डिस्क मात्र त्यांनी काढून घेतली, लोकांचे कागद असतात म्हणून. मी डबा आणि पडदा दोन खेपांत रिक्षातून आणला. मांडीवर धरून बसले होते. दोन दिवस मांड्या दुखत होत्या.

डिस्कसाठी आम्ही दोघी नया नगरात एका रिपेरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एक जुनी, छोटीशी डिस्क काढून दिली आणि म्हणाला, ‘बेटा, विंडोज डाल देता हूँ, सब वही चलाते हैं.’

मुलगी म्हणाली, ‘असली है क्या भैया?’

‘असली-नकली कौन देखने आता है?’

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ‘आई, जुनं विंडोज टाकू का फुकट मिळतं ते लिनक्स टाकू?’

मी म्हटलं, ‘दोन्ही टाक ना.’ मला कुठलीही निवड करायची म्हटलं की असंच सुचतं.

‘एवढ्याशा डिस्कवर दोन्ही नाही मावणार.’

‘मग त्या मशीनला जे झेपेल ते टाक.’

तिनं घरी येऊन पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा झालं. पडदा उजळला तेव्हा ती ओरडली आणि शेजारच्या दोन बायका काय झालं म्हणून धावत आल्या. त्या सुट्टीत ती त्याच्यासमोरच बसलेली असायची. काही बिघडलं की घाबरायची नाही, उलट खूश व्हायची. मला पोळ्या करताना तिची पाठ दिसायची. दहावीला, बारावीला ती इतकी सरळ कधी बसली नव्हती.

भावजींना ते आवडलं नाही. ‘आईला सांग, हे फुकटातलं आहे. जगात विंडोज चालतं. ही घरी एक शिकेल आणि ऑफिसात दुसरंच असेल.’

मुलगी म्हणाली, ‘मोठे पप्पा, तुमच्या फोनच्या आतपण लिनक्सच आहे.’

भावजींनी खिशातून फोन काढला, उलटा केला आणि मागून पाहिला. ‘काहीही सांगते,’ म्हणाले.

मग आयटीआयचं निघालं. कॉम्प्युटर ऑपरेटरचा एक वर्षाचा कोर्स असतो, तिनं स्वतःच फॉर्म भरला होता. भावजींचा आवाज चढला. ‘आयटीआय नापास पोरांसाठी असतं. तुला पासष्ट टक्के आहेत.’

‘मला करून बघायचंय. तिथं डिग्रीला तीन-चार वर्षं नुसतं ऐकत बसायचं. शेजारची ताई बी.कॉम. झाली आणि साड्यांच्या दुकानात घड्या घालतेय.’

‘घड्या घालते, पण पदवीधर म्हणून घालते.’

मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. पण भावजी विनोद करत नव्हते. त्यांच्या बापानं, आज्यानं दुसऱ्यांच्या हाताखाली आयुष्य काढलं. हाताचं काम शिकायला जाणं म्हणजे त्यांना मागे जाणं वाटत होतं. ते मला कळत होतं. मुलीचंही कळत होतं. मी चौथीपर्यंत शिकले, माझं कोण ऐकणार, असं स्वतःला सांगून मी गप्प राहिले. त्यानंतरच्या आठवड्यात ते रांगेत उभे राहिले आणि पेढे आणले.

आयटीआयची यादी लागली आणि मुलीचा नंबर लागला. मूळ कागद घेऊन ठरलेल्या मुदतीत जाऊन प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा जाणार. मुदतीच्या आदल्या दिवशी तिनं फाइल उघडली, तेव्हा आत दाखल्याचे नुसते झेरॉक्स. तिथं झेरॉक्स चालत नाही. ती रडली नाही, फाइल बंद केली आणि म्हणाली, ‘जाऊ दे. करते बी.कॉम.’ ती रडली असती तर बरं झालं असतं.

मालक ड्युटीवर होते. फोन केला तर म्हणाले, ‘दादाला विचार.’ मी विचारलं नाही. ठरवलं की आधी दाखला काढून आणायचा, मग काय ते सांगू. हा माझा भित्रेपणाच होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुट्टी सांगितली आणि आम्ही शेअर रिक्षानं मीरा रोडला गेलो.

कॉलेजच्या ऑफिसात एक जाळीची खिडकी होती. आमच्या पुढे पंधरा-वीस जण. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या मॅडम म्हणाल्या, ‘अर्ज लिहून द्या. प्रवेश रद्द का करायचा ते कारण, आणि पालकाची सही.’

मुलीनं पेन काढलं. मॅडम म्हणाल्या, ‘तू नाही. पालकांनी लिहायचं. मुली स्वतःच लिहितात आणि दुसऱ्या दिवशी वडील येऊन आमच्यावर ओरडतात.’

मी बाकावर बसून अर्ज लिहिला. माझं अक्षर मोठं आहे, कागद लवकर भरतो. कारणापाशी येऊन थांबले. बाजूच्या बाईनं सांगितलं, ‘घरगुती अडचण लिहा, सगळे तेच लिहितात.’ पण तसं लिहवेना. मी लिहिलं, माझ्या मुलीला आयटीआयला जायचं आहे, तिचा नंबर लागला आहे, आज शेवटचा दिवस आहे, तरी मूळ दाखला परत द्यावा. खाली सही केली.

मॅडमनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘मावशी, विचार केलाय ना? उद्या सरकारी जागा निघाल्या तर कितीतरी ठिकाणी पदवी मागतात. फॉर्मसुद्धा भरता येणार नाही हिला.’

त्या वाईट बोलत नव्हत्या. मला खरंच माहीत नव्हतं. मी वळून मुलीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. तिनं काही म्हणावं असं मला वाटत होतं, आणि तिला बहुतेक वाटत होतं की मी म्हणावं.

‘हो, केलाय,’ मी म्हटलं. केला नव्हता.

मॅडमनी फाइल काढली आणि थांबल्या. ‘इथं पालक म्हणून तुमचं नाव नाही. काकांचं आहे. त्यांची संमती लागेल.’ मी काही बोलायच्या आत त्यांनी फॉर्मवरचा नंबर टेबलावरच्या फोनवर लावला, दोन वाक्यं बोलल्या आणि रिसीव्हर जाळीखालून बाहेर दिला. ‘बोला तुम्ही.’

मी तो मुलीकडे सरकवला. मुलीनं हात मागे घेतले. ‘आई, आज तू बोल.’

मागे रांग होती. मी रिसीव्हर कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं डोक्यावर पदर घेतला. फोनवर बोलताना पदर कशाला, असं मागचं कोणीतरी पोरगं हळूच म्हणालं.

‘कोण?’ भावजींचा आवाज.

‘मी. हिची आई.’

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठून उभे राहिले असावेत.

मग ते म्हणाले, ‘तुम्ही? दाखला कशाला काढताय? मी चार तास उभा होतो तिथं.’

‘माहितीय भावजी. पण तिला नाही जायचं तिथं.’

‘पोरींना काय कळतं? तुम्ही झाडू मारता, भाऊ दारात बसतो. एक तरी पोरगी पदवीधर होऊ दे की या घरात. ती पण हत्यार घेऊन बसणार का?’

‘हत्यार नाही. कॉम्प्युटर आहे.’

‘आयटीआय ते आयटीआयच.’

रांगेतली माणसं ऐकत होती, मॅडम ऐकत होत्या. मी म्हटलं, ‘भावजी, तिची पाठ बघितलीय मी. त्या मशीनपुढे ती सरळ बसते. पुस्तकापुढे नाही बसत. मला बाकी काही कळत नाही. तुम्ही हो म्हणा. चुकलं तर माझ्यावर टाका.’

त्यांच्या मागून टीव्हीचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, ‘बाईंना फोन द्या.’

काय बोलले ते मला माहीत नाही. मॅडम फक्त ‘हो सर, हो सर’ म्हणत होत्या. नंतर त्यांनी फाइलमधून दाखला काढून बाजूला ठेवला. प्राचार्यांची सही हवी होती, ते मीटिंगमध्ये. आम्ही जिन्याखाली दोन वाजेपर्यंत उभ्या राहिलो. मुलगी माझा हात धरून होती. दाखला मिळाल्यावर रिक्षा, मग बस, मग पुन्हा चालणं. आयटीआयची खिडकी बंद व्हायला अर्धा तास होता तेव्हा पोचलो. तिथल्या सरांनी कागद तपासले, शिक्का मारला आणि ‘झालं’ म्हणाले. मुलगी नाचायची बाकी राहिली होती. मला कुठंतरी बसायचं होतं. गेटपाशी एका दगडावर बसले आणि तिथंच डबा उघडला. भाजी उतरून आंबली होती.

भावजी त्या रविवारी आले नाहीत. नंतरच्याही नाही. मालक दोनदा त्यांच्याकडे जाऊन आले. मला काही बोलले नाहीत, पण जेवताना माझ्याकडे बघायचे नाहीत. मुलगी रोज सकाळी माझ्याही आधी निघते, संध्याकाळी येते ती बोलतच येते. आज मशीन खोललं, आज नेटवर्क जोडलं. मी हो हो म्हणते. कधी कधी मॅडमचं ते पदवीचं बोलणं आठवतं आणि हातातलं काम थांबतं. मी बरोबर केलं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

परवा जेसल पार्कच्या बाजारात मी कांदे घेऊन निघाले तर समोर भावजी. मी बाजूला झाले, पदर घेतला. मधे बोलायला मुलगी नव्हती. तेही थांबले.

‘हजेरी आहे ना तिची?’ त्यांनी मलाच विचारलं.

‘आहे.’

‘खाडे करू देऊ नका. काय शिकवतात?’

‘विंडोज पण शिकवतात आणि लिनक्स पण.’

‘दोन्ही?’

‘हो.’

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘हे वर्ष होऊ दे. बाहेरून डिग्री करता येते, मी चौकशी केलीय. नोकरी करून करेल ती. पुढच्या वर्षी बघू.’

‘बघू,’ मी म्हटलं.

पिशवी जड झाली होती, बोटांत रुतत होती. खाली ठेवली असती तर ते उचलायला आले असते. म्हणून ते वळून दिसेनासे होईपर्यंत मी ती तशीच हातात धरून उभी राहिले.