मांसाचे प्राध्यापक आणि मागच्या दारची बादली

माझे बाबा मांसाचे प्राध्यापक होते. आज हे वाक्य मी सरळ लिहिते आहे, पण शाळेत असताना कुणी विचारलं तर "सरकारी नोकरीत आहेत" असं सांगून वेळ मारून नेत असे. गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात ते शिकवत. मांस ताजं कसं ओळखायचं, रोगट कसं, माळव्याच्या उन्हाळ्यात ते किती तास टिकतं, हा त्यांचा विषय. त्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि जन्मात एक तुकडा जिभेला लावला नाही. पोहता न येणाऱ्यानं राम घाटावर पोहणं शिकवावं, तसला प्रकार.

अंगठ्यानं दाबायचं, खळगा भरून आला तर माल ताजा, हा त्यांचा पहिला धडा. तो अंगठा घरीही स्वस्थ बसत नसे. माधव नगरच्या बाजारातली वांगी, आईनं मळून ठेवलेली कणीक, एकदा तर मला बघायला आलेल्या मंडळींनी आणलेला पेढासुद्धा त्यांनी दाबून पाहिला. ते स्थळ पुढे सरकलं नाही, पण पेढा शिळा होता हे खरं.

"अहो, कणीक आहे ती," आई म्हणायची. "तिला कसली बीमारी होणार?"

आईचा कायदा एकच होता. कॉलेजातून आल्यावर पुढच्या दारानं घरात यायचं नाही. मागच्या अंगणात बादली भरलेली असे, खुंटीवर धुतलेलं धोतर. आधी आंघोळ, मग घर, थंडीतसुद्धा. स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्यभारत आला आणि त्याचाही मध्य प्रदेश झाला. बाबांच्या कागदांवरचे शिक्के बदलत गेले, बादली मात्र जागची हलली नाही. बाबांनी कधी तक्रार केली नाही. कुडकुडत आत यायचे आणि चहा मागायचे.

नवं राज्य झालं त्याच सुमारास ते निवृत्त झाले आणि आमच्या मराठी मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. अक्षर बरं म्हणून मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाबा सहसा काही मागत नसत. त्या दिवशी चष्मा पुसत म्हणाले, "जे केलं तेच लिही. एकदा चार लोकांत ऐकायचंय मला." मला शाळेतली माझी उत्तरं आठवली आणि फार वाईट वाटलं. मी मन लावून लिहिलं.

मंडळाचे अध्यक्ष भला माणूस. त्यांनी कागद दोनदा वाचला. "बेटी, बाकी सब बढिया आहे," ते म्हणाले. "फक्त तो शब्द काढून टाक. बाद में जेवण आहे, लोक पानावर बसतील कसे?"

माझं अवसान तिथेच गळालं. 'मांस' खोडून मी 'आहार' लिहिलं. त्याची मला अजून लाज वाटते.

सत्काराच्या दिवशी शाल झाली, श्रीफळ झालं. "आहारशास्त्राची अखंड उपासना करणारे," असं मी खणखणीत वाचलं. बाबा मान खाली घालून मांडीवरच्या नारळाला अंगठ्यानं दाबत बसले होते. वाचन संपलं तशी पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी त्यांना कैरीचं लोणचं का नासतं ते विचारून घेतलं. बाबांनी शांतपणे समजावून सांगितलं.

मग ओटी भरायला आईला वर बोलावलं. ओटी घ्यायची, नमस्कार करून खाली यायचं, बोलायचं नाही, अशी रीत. आई पदरातले तांदूळ सांभाळत तिथेच उभी राहिली.

"पोरीनं गलत वाचलं," ती म्हणाली. "हे मांसाचे प्राध्यापक. अठ्ठावीस वर्षं मी यांना मागच्या दारी आंघोळ करायला लावली. आहारशास्त्रासाठी कुणी नवऱ्याला थंडीत असं कुडकुडवतं का? आम्ही खात नाही, ते सोडा. जे खातात त्यांच्या पोटात सडकं जाऊ नये म्हणून हे राबले."

मग मागून कुणीतरी हसलं आणि हळूहळू सगळेच हसले, अध्यक्षही. बाबांनी मान वर केली होती. चष्मा काढून ते शालीच्या टोकानं डोळे पुसत होते. आणि जेवणाला एकही पान रिकामं राहिलं नाही, हेही सांगायला हवं.

संध्याकाळी घरी आलो. आई पुढच्या दाराचं कुलूप काढत होती. बाबा सवयीनं, खांद्यावरच्या शालीसकट, मागच्या अंगणाकडे वळले.

"तिकडे कुठे?" आई म्हणाली. "बादली भरलेली नाही. पुढून या."

बाबा पुढच्या दारी आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"पाय तरी धुतो," ते म्हणाले.

"असू द्या," आई म्हणाली, आणि दार धरून उभी राहिली.