तळघरातली सरहद्द

स्वित्झर्लंडबद्दल इतक्या अधिकाराने बोलणारा आणि स्वित्झर्लंडला इतका कमी गेलेला माणूस अख्ख्या न्यू जर्सीत माझ्या साडूखेरीज दुसरा नसेल. कमी म्हणजे एकदाही नाही. मूळचा नागपूरचा, मुक्काम एडिसन, नोकरी एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरांना झोप लागू न देण्याची. यात आल्प्स कुठे बसतात, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो सांगत असे.

त्याचं दैवत म्हणजे शंभरीला टेकलेली एक डोंगरी रेल्वे. ती स्वित्झर्लंडच्या बर्फातून बर्निना खिंड चढते आणि पलीकडे इटलीतल्या तिरानो गावात उतरते. कोळशाचा धूर तिने कधी पाहिलाच नाही, जन्मापासून विजेवर. "दातेरी रूळ नाही, भाऊ," तो मला सांगे, "निव्वळ चाकांच्या पकडीवर चढून राहिली आहे." चढून राहिली आहे हे तो अशा सुरात म्हणे, की मागून ढकलायला हा स्वतः होता. शेजारच्या गुजराती काकांना, केस कापणाऱ्याला, ओक ट्री रोडवर कोथिंबिरीच्या जुड्या निवडणाऱ्या अनोळखी बाईलाही त्याने हे सांगितलेलं आहे. बाईंनी जुडी तशीच टाकून दुकान बदललं.

ही रेल्वे त्याने भाड्याच्या घराच्या तळघरात, वॉशिंग मशीनच्या शेजारी उभारली होती. डोंगर प्लास्टरचे. बर्फाबद्दल न बोललेलं बरं. आमचा फ्रीज डीफ्रॉस्ट करायचा राहिला की आत साधारण तसाच देखावा होतो. अभिमानाची जागा मात्र एकच, ब्रुसिओ गावाजवळचा गोल पूल. उतरणारी गाडी दगडी कमानींवरून एक पूर्ण फेरी घेते आणि आपल्याच पुलाखालून बाहेर पडते. "हा पूल मी एकदा डोळ्यांनी पाहणार," तो म्हणे, "मग काही झालं तरी चालेल." असं माणसं काशीबद्दल बोलतात.

शनिवारी त्याच्याकडे जेवायला जायचं म्हणजे आधी तळघरात उतरायचं. गाडी तिरानोला पोचल्याशिवाय वरण गरम होत नसे. आणि गाडी पोचत नसे, कारण वाटेत सरहद्द होती. तिथे आइस्क्रीमच्या काडीचं फाटक आणि पुठ्ठ्याचा एक निळा अधिकारी. त्या अधिकाऱ्याच्या वतीने साडू स्वतः घोगऱ्या आवाजात विचारी, "पर्पज ऑफ व्हिजिट?" माझ्या बायकोने एकदा "जेवण" असं खरं उत्तर दिलं, तर तिची आणखी चौकशी झाली. त्याची नऊ वर्षांची मुलगी जिन्यावरून ओरडे, "डॅड, जस्ट लेट देम गो." एका गणपतीत त्याने मखर म्हणून हेच आल्प्स दिवाणखान्यात आणले आणि आरती संपेपर्यंत गाडी सरहद्दीवर उभी ठेवली. वर आम्हालाच सांगितलं, "समजून घ्या भाऊ, व्हिसा बाप्पालाही लागतो."

हा विनोद नव्हता, हे कळायला मला वेळ लागला. त्याचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं आणि पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाच्या जुन्या शिक्क्याची मुदत केव्हाच संपली होती. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत यायला नवा शिक्का, आणि शिक्क्यासाठी गेलेले लोक तिकडेच महिनोन् महिने अडकून नोकरीला मुकल्याच्या कहाण्या एडिसनमध्ये लोणच्यासारख्या घरोघरी मुरलेल्या. त्यामुळे दर वसंतात हा तिकिटं काढी, वकिलाला फोन करी, वकील "नका जाऊ" म्हणे. शनिवारी मला बातमी मिळे, "केलं कॅन्सल. पुढच्या वर्षी नक्की." मी मनात म्हणे, भित्र्या माणसाची वकिलाची फी फुकट जाते, त्याला हवं तेच वकील सांगतो.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात कार्ड आलं. महिन्या-दोन महिन्यांत नवरा-बायको गेले, मुलगी आमच्याकडे ठेवून.

ते परतले त्या शनिवारी मी घरूनच दोन पोळ्या खाऊन निघालो, कारण फोटो पाहता पाहता मध्यरात्र होणार हे नक्की होतं. पण पोचताच पानं वाढलेली. तळघराचं नावही नाही. साडू भात कालवत होता. पाणी आणायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा मेहुणी हळूच म्हणाली, "भावोजी, त्या गोल पुलाचं काही विचारू नका."

"का? बंद होता?"

"कुठला बंद. आलेला कळलाच नाही यांना. पुढे सरहद्द आहे म्हणून हे फाइल उघडून बसले. कार्ड, स्वित्झर्लंडचा नि इटलीचा असे दोन्ही व्हिसे, कंपनीचं पत्र, पगाराच्या पावत्या, या घराचा भाडेकरारसुद्धा. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मी म्हटलं, अहो, पूल आला, बघा. म्हणाले, एक मिनिट, कागद लावून राहिलो आहे. मान वर केली तेव्हा पूल मागे गेलेला."

"आणि अधिकारी?"

"कोणी आलंच नाही. गाडी सरळ तिरानोच्या चौकात, चर्चसमोर. हे आपले फाइल मांडीवर घेऊन बसलेले. परतीचं विमान मिलानहून होतं, त्यामुळे पुन्हा वर जाताही आलं नाही."

मी बाहेर आलो. एवढ्या वर्षांत जे कधी तोंडातून निघालं नव्हतं ते म्हणालो, "गाडी चालवणार का?"

आम्ही दोघंच खाली उतरलो. गाडी खिंडीतून निघाली. दातेरी रुळांचं व्याख्यान झालं नाही. पूल जवळ आला तसा तो गुडघ्यांवर बसला, गाल प्लायवुडला टेकवला आणि डब्यांच्या खिडक्यांच्या उंचीवरून ती पूर्ण फेरी पाहिली. मग सरहद्द आली. सवयीने त्याचा हात बटणावर गेला आणि गाडी फाटकापुढे थांबली. मी प्रश्नाची वाट पाहत राहिलो. पुठ्ठ्याचा अधिकारी गप्प होता.

"भाऊ," साडू म्हणाला, "पुन्हा एकदा वरून आणू का?"

"आणा," मी म्हणालो. "सावकाश आणा."