होम पॉइंटवर लेकरू

“ताई, लेकरू! चटईवर लेकरू हाय!”

भानुदासकाका विहिरीकडून ओरडत पळत येत होते. माझी नजर रिमोटच्या स्क्रीनवर होती. तिथे सगळं हिरवं, सगळं ठीक.

मी फवारणीच्या ड्रोनची पायलट. धारूरजवळ काकांच्या तुरीवर अळीचं औषध मारत होते. शेताची हद्द आखून दिली की ड्रोन आपला आपण ओळीने फवारतो. टाकी संपली की जिथून उडाला तिथेच येऊन उतरतो. त्या जागेला होम पॉइंट म्हणतात. धूळ उडू नये म्हणून मी तिथे झाडून केशरी चटई अंथरते. चटईपाशी कुणीतरी थांबायचं, असा नियम आहे. ड्रोन आपोआप तर येतो, म्हणून तो नियम मी कधीच सोडून दिला होता. त्या दिवशीही शंभरेक पावलं लांब, तुरीच्या दुसऱ्या टोकाला उभी होते.

मान वर केली. चटईवर सहा-सात महिन्यांचं लेकरू झोपलं होतं. ड्रोन बरोबर त्याच्या वर थांबून हळूहळू खाली उतरत होता.

स्क्रीनवर ‘रद्द’ दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. हातात औषधाचे रबरी मोजे, स्क्रीनला बोट कळेना. ऑटो बंद करायचं बटण अंगठ्यापाशीच होतं. ट्रेनिंगमध्ये किती वेळा दाबलं असेल! पण तीन वर्षांत एकदाही गरज पडली नव्हती, आणि आता ते आठवेचना.

“ताई, नुसतं बघायलाव काय!”

त्या ओरडण्याने अंगठा हलला. बटण दाबलं, रिमोटची दांडी उजवीकडे ढकलली. ड्रोन माणसाच्या उंचीवरून तिरका गेला आणि तुरीत आदळला. लेकरू दचकून रडायला लागलं. ते रडणं ऐकलं आणि मी चटईकडे धावत सुटले.

शेजारच्या रानात कापूस वेचणारी त्याची आई धावत आली. लेकराला छातीशी धरून म्हणाली, “झोळी बांधायला झाड न्हाई जवळ. हितं झाडून हातरलेलं दिसलं. मला वाटलं, लेकरासाठीच हाय.”

तिची काय चूक?

तेवढ्यात कंपनीतून साहेबांचा फोन आला; ड्रोन पडला की त्यांच्या मोबाइलवर लगेच इशारा जातो.

“ड्रोन पडलाच कसा? ऑटोवर होता ना?”

“होता, साहेब. मीसुद्धा ऑटोवरच होते.”

आता ड्रोन परत निघाला की मी चटईपाशी उभी असते, अंगठा बटणावर ठेवून. आणि आसपास वेचणी चालू असली, तर उडवण्याआधी लांब सावलीत एक कोरी चटई अंथरते. लेकरासाठी.